हंसाबेनची मुलगी

बेघरांच्या कामात पडलेल्या माणसाला पहिल्या दोन-चार महिन्यांतच खोटं बोलायला शिकावं लागतं. भलतंसलतं खोटं नव्हे, नात्याचं. रस्त्यावर पडलेला माणूस उचलून सरकारी हॉस्पिटलात नेला की खिडकीमागचा बाबू मान वर न करता विचारतो, "पेशंटचे कोण?" कुणीच नाही म्हटलं की गाडं तिथंच अडतं. मग पोलिसांचं पत्र आणा, मोठ्या साहेबांची सही आणा, असा फेरा सुरू होतो आणि तोवर पेशंट बाकड्यावर कण्हत पडतो. म्हणून या कामातली सगळी माणसं कुणाची ना कुणाची तरी कोणीतरी लागतात.

वैजयंता खंदारे यात तरबेज होती. भाईंदर पूर्वेला पालिकेच्या एका जुन्या इमारतीत बेघरांसाठी निवारा केंद्र आहे. एक संस्था ते चालवते आणि वैजयंता त्याची व्यवस्थापक. व्यवस्थापक हा शब्द ऐकून कुणी केबिन-बिबिन डोळ्यांपुढे आणू नये. तिच्या वाट्याला एक टेबल होतं, त्याचा एक पाय विटेवर. तिथं बसून तिने इतक्या लोकांची मावसबहीण होऊन दाखवलं होतं की अर्धं भाईंदर तिच्या मावशीच्या पोटचं असावं.

नव्या आलेल्या स्वप्नालीला तिने हेच पहिल्यांदा शिकवलं. "मावसबहीण सांगायचं, गाववाली सांगायचं, शेजारीण सांगायचं. आई, बाप, नवरा, मुलगी, या वाटेला जायचं नाही."

"का पण ताई?"

"ॲडमिट करताना नातं विचारतात ते सहीसाठी. डिस्चार्जला विचारतात ते पेशंट गळ्यात घालायला. मावसबहिणीच्या गळ्यात कुणी घालत नाही."

स्वप्नाली हसली होती. वैजयंता मात्र हसली नव्हती. हा नियम ती ठेचा खाऊन शिकली होती, आणि बावन्नाव्या वर्षी तो तिने स्वतःच मोडला.

वैजयंता मूळची परभणी जिल्ह्यातली, जिंतूरकडची. लग्न होऊन भाईंदरला आली तेव्हा नवरा नानासाहेब हाटकेशच्या एका पॅकिंगच्या गाळ्यात कामाला होते. गोडदेवला भाड्याची खोली. सासू आजारी. बारावी झालेल्या सुनेने पोलिओचे डोस पाजायला जावं, दिवसाचे काही हाती पडतील, असं शेजारणीने सुचवलं आणि ती गेली. तिथून टीबीच्या गोळ्यांचं काम मिळालं. गोळ्या नुसत्या हातात द्यायच्या नाहीत, समोर उभं राहून गिळायला लावायच्या. काही लोक गोळी जिभेखाली धरून ठेवत. वैजयंता त्यांना बोलतं करी, कारण गोळी तोंडात धरून माणसाला नीट शिवी देता येत नाही. असे किती जण तिने शिव्या खात खात बरे केले.

मग झोपडपट्टीतल्या लोकांना पक्की घरं द्यायची योजना आली आणि सर्व्हे करणाऱ्यांबरोबर गल्लीबोळ दाखवायला ओळखीचं माणूस हवं म्हणून तिला घेतलं. टेप धरायचा, दारावर आकडा रंगवायचा, कागद बघायचे. ज्यांच्याकडे जुना पुरावा होता त्यांचं नाव लागलं. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या दारावर आकडा आलाच नाही. ही माणसं पुढं कुठं जातात हे सर्व्हेवाल्या साहेबांना बघावं लागलं नाही. वैजयंताला लागलं. काही वर्षांनी ती निवारा केंद्रात लागली आणि बघते तर समोर तीच माणसं. घराच्या खात्यातून सुटलेली निवाऱ्यात आली होती, निवाऱ्यात खोकणारी टीबीच्या खात्यात जात होती, आणि तिथून बरी झालेली पुन्हा रस्त्यावर. तीन खात्यांची तोंडं तीन दिशांना. एक म्हणे हा आरोग्याचा विषय, दुसरं म्हणे हा घराचा, तिसरं म्हणे आमच्याकडे फक्त झोपायची सोय. या तिघांच्या मधे धावायला जी बाई होती तिचे गुडघे आता गेले होते.

दमली होती ती. झोपून जाणारा हा थकवा नव्हता. सकाळी चप्पल घालताना यायचा. मन लावून केलेल्या कामाचा शेवट कधी बघायला मिळाला नाही की असं होतं. एक माणूस मार्गी लावला की त्याच्या गादीवर दुसरा येऊन बसलेला असे. निवृत्तीला अजून वेळ होता, आणि संस्थेच्या नोकरीला निवृत्ती म्हणजे तरी काय, एक शाल आणि एक कुंडी.

अशा दिवसांत हंसाबेन केंद्रात आली होती. सत्तरी गाठलेली, स्वच्छ धुतलेली साडी, डोक्यावरून पदर. जैनांच्या देरासराच्या पायरीवर चार दिवस बसून होती म्हणून कुणीतरी फोन केला. भीक मागत नव्हती, नुसती बसून होती. घरचं कोण आहे विचारलं तर म्हणाली, "कोई नहीं." भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

आठवड्याभरात तिने केंद्राचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डाळीत गूळ नाही म्हणून स्वयंपाकीण बाईशी भांडली, पोळ्या जाड म्हणून स्वतः फुलके लाटायला बसली. वैजयंताला ती विजुबेन म्हणायची. संध्याकाळी वैजयंता निघाली की ही दारात आडवी. "विजुबेन, दो फुलका खा के जाओ. घर जा के तुम नहीं खाओगी, मेरे को मालूम है." खरंच होतं ते. घरी गेल्यावर वैजयंता नानासाहेबांना वाढायची आणि स्वतः चहावर भागवायची. अख्ख्या भाईंदरात तिला जेवलीस का विचारणारं तेव्हा हेच एक माणूस होतं. नानासाहेबांच्या मनात असेल, पण त्यांना विचारायची सवय नव्हती.

केंद्राच्या न्हाणीतला नळ गळत असे. वैजयंताने पालिकेत सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं होतं. एके दिवशी दुपारी त्याच ओल्या फरशीवरून हंसाबेन घसरली. आवाज ऐकून वैजयंता धावली. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली, एक पाय भलतीकडे वळलेला, आणि तोंडातून हूं की चूं नाही. साडी गुडघ्याच्या वर गेली होती, ती खाली ओढायची तेवढी खटपट चालली होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं, उशीर झाला तर बिछाना धरतील त्या कायमचा. सहीला मात्र जवळचं माणूस हवं. नसेल तर प्रोसिजर करा.

प्रोसिजर वैजयंताला पाठ होती. पोलीस स्टेशन, तिथं ठाणे अंमलदार जेवायला गेलेला, मग पत्र, ते घेऊन मोठ्या साहेबांकडे, साहेब मीटिंगला. दोन दिवस तरी गेले असते. एरवी ती गेली असती. शेकडो वेळा गेली होती. पण त्या दिवशी सकाळपासून ती आधी पालिकेत आणि मग टीबीच्या ऑफिसात उभी राहून आली होती आणि साहेबांकडे जायचा जिना नुसता बघूनच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्ट्रेचरवरून हंसाबेनचा हात तिचा पदर धरून होता.

"पेशंटच्या कोण तुम्ही?" बाबूने विचारलं.

"मुलगी," वैजयंता म्हणाली.

बाबूने पहिल्यांदाच मान वर केली. "आई गुजराती आणि तुम्ही खंदारे?"

"लव्ह मॅरेज."

बाबूने लिहून घेतलं. स्वप्नाली शेजारी उभी होती, तिचा जबडा खालीच राहिला. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्हीच बोलला होतात ना, मुलगी नाही सांगायचं?"

"गप बस," वैजयंता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घरी हे सांगितलं तेव्हा नानासाहेब पाठीला पट्टा बांधून पलंगावर पडले होते. गाळ्यात खोकी उचलून उचलून त्यांच्या मणक्याची पार वाट लागली होती आणि आता ते घरीच असत. ऐकून म्हणाले, "आपलं लव्ह मॅरेज झालं होतं व्हय? मला कुणी सांगितलंच नाही." किती तरी दिवसांनी ती खदखदून हसली.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन आठवड्यांनी हॉस्पिटलातून फोन आला. "तुमच्या मातोश्रींचा डिस्चार्ज आहे शनिवारी. न्यायला या."

आता खरी कसोटी लागली. हंसाबेनला उठून बसता येत होतं, पण पाऊल टाकता येत नव्हतं. संडास-लघवी सगळं बिछान्यात. निवारा केंद्राचा नियम असा, की राहणाऱ्याला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. नियम वैजयंतानेच अनेकांना वाचून दाखवला होता. तरी तिने संस्थेच्या सरांना फोन केला. सर भले माणूस. म्हणाले, "वैजयंताताई, तिथं रात्रीला एक वॉचमन आणि एक बाई. चाळीस लोकांत त्यांचं कोण करणार? तुम्हीच सांगा." तिने फोन ठेवला.

हॉस्पिटलात रुग्णांची सामाजिक बाजू बघणारी एक मुलगी होती, क्षितिजा. शिकलेली, प्रामाणिक, आणि टेबलावर कागदांचा ढीग. ती म्हणाली, "ताई, विरारच्या पुढे एक आश्रम आहे. बिछान्यावरच्या पेशंटला घेतात, व्यायाम करून घेतात, पायावर उभं करतात. आत्ता एक बेड रिकामा आहे, मी धरून ठेवू शकते दोन दिवस. पण तो निराधारांसाठी आहे. आणि इथं मुलगी आहे."

"तुला माहितीये मी कोण आहे ते."

"मला माहितीये हो. कागदाला नाही ना माहिती."

राहता राहिलं वैजयंताचं घर. गोडदेवची ती खोली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाठ धरलेला नवरा. ती स्वतः सकाळी आठला बाहेर. जेवताना तिने विषय काढला तर नानासाहेब ताटाकडे बघत म्हणाले, "नाही जमणार. तुझ्याच्यानं होणार नाही आता." त्यांचं बरोबर होतं. पण खरी गोष्ट त्याहून वाईट होती आणि ती वैजयंताने कुणाला सांगितली नाही. तिला नकोच होतं. सासूचं तिने सात वर्षं काढलं होतं. तो वास, ती चादर, रोज तेच. दिवसभर दुनियेचं करून आल्यावर घरात आणखी एक बिछाना तिला बघवला नसता. ज्या बाईने आपल्याला हाताने फुलके वाढले ती आपल्याला घरात नको आहे, याची तिला भयंकर लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही नको ते नकोच होतं.

स्वप्नालीला मधेच एक आठवलं. मागच्या दिवाळीत एक माणूस केंद्राच्या फाटकाशी आला होता. हंसाबेनसाठी म्हणून वॉचमनकडे फरसाणाचा पुडा देऊन वर न येताच गेला. पुड्यावर शांती नगरमधल्या एका दुकानाचं नाव होतं.

वैजयंता दुसऱ्याच दिवशी तिथं गेली. सेक्टरांच्या त्या गर्दीत दुकान सापडलं. गल्ल्यावर मालक आणि काउंटरमागे पापडी तोलणारा पन्नाशीचा माणूस. नाक, हनुवटी, सगळं हंसाबेनचं. तिने नुसतं नाव घेतलं आणि त्याच्या हातातली पापडी तराजूबाहेर सांडली. मालकाला सांगून तो तिला दुकानामागच्या बोळात घेऊन गेला. त्याचं नाव जितेश.

"मा ठीक छे ना?"

तिने सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. मग त्याने त्याचं सांगितलं. वडिलांचा फ्लॅट होता, बिल्डिंग धोकादायक ठरली, खाली करायला लावली, पाडली. नवी उभीच राहिली नाही. तेव्हापासून भाड्याच्या एका खोलीत तो, बायको, दोन मुली आणि लकव्याने पडलेला सासरा. "मा खुद गयी, मैडम. मैंने नहीं भेजा. सुबह उठा तो मा नहीं थी. बाद में सेंटर से फोन करके बोली, जितु, मैं इधर अच्छी हूं, तू मत आना. किसी ने पूछा तो मैं बोलूंगी मेरा कोई नहीं. तेरे को तकलीफ नहीं होगी."

"आणि तू गेला नाहीस?" वैजयंता मराठीवरच आली. तिचा आवाज चढला. "फाटकापर्यंत येतो, पुडा ठेवतो, आणि पाय काढता घेतो? दोन जिने वर आई होती तुझी!"

तो रडायला लागला. दुकानाच्या एप्रनने डोळे पुसत म्हणाला, "मैडम, आपने हॉस्पिटल में बेटी लिखवाया ना? भगवान आपका भला करे. मतलब... उसका कोई तो है ना पेपर पे."

वैजयंताला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. त्याच क्षणी तिला हेही कळलं, की तो म्हणतोय ते तिनेच केलं होतं. मुलगी होऊन तिने मुलाला मोकळं केलं होतं. आणि आता त्याचं नाव कुठं सांगायचीही सोय नव्हती. मुलगा आहे म्हटलं की हंसाबेन निराधार राहत नाही. निराधार नाही तर आश्रमातला बेड नाही. मग तिला शनिवारी स्ट्रेचरवरून या माणसाच्या खोलीत नेऊन टाकायचं, लकवा झालेल्या म्हाताऱ्याच्या शेजारी. इतक्या वर्षांत कायद्याने, नियमाने, माणुसकीने, सगळ्या बाजूंनी तिने माणसं मार्गी लावली होती. इथं सगळ्याच बाजू बंद होत्या. एकच फट होती, आणि त्यासाठी म्हातारीला पोटचा मुलगा आणि कागदावरची मुलगी, दोघांनाही नाकारावं लागणार होतं.

निघताना जितेशने एक पुडा तिच्या हातात दिला. तिला नको म्हणायचं बळ नव्हतं.

वॉर्डात हंसाबेन खिडकीकडे तोंड करून पडली होती. वैजयंताने पुडा पुढं केला. म्हातारीने तो नाकाशी नेला, वास घेतला, आणि काही न बोलता उशीखाली सारला. कुठून आणला, कुणी दिला, एका शब्दाने विचारलं नाही. फक्त म्हणाली, "दुबला हो गया है?"

"नाही. बरा आहे," वैजयंता म्हणाली.

मग तिने मन घट्ट करून सगळं समजावलं. आश्रम चांगला आहे, तिथं चालायला शिकवतील, पण त्यासाठी कुणी नाही असं असायला हवं. उद्या क्षितिजा मॅडम येतील, निराधार म्हणून जबाब लिहायला पोलीस येतील, विचारतील. "बोलायचं की ही माझी मुलगी नाही. घाईत लिहिलं, चुकून झालं. मी पण तेच बोलणार आहे."

"बस, इतना ही?"

"इतकंच."

"तुम मेरे को अपने घर नहीं ले जाओगी?" हे तिने तक्रार म्हणून विचारलं नाही. गाडी किती वाजता आहे असं विचारावं तसं विचारलं.

वैजयंताने कारणं सांगायला तोंड उघडलं. तिसरा मजला, नवऱ्याची पाठ. सगळी खरी. पण हंसाबेन तिच्याकडे बघत होती आणि त्या नजरेपुढं कारणं सांगायची तिला हिंमत होईना. "मी दमलेय हो," ती म्हणाली. "मला नाही होणार."

हंसाबेनने तिच्या हातावर थोपटलं. "मालूम है. रोज तो देखती थी."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षितिजा आली, बरोबर एक हवालदार. हवालदार वयस्क, सभ्य, पण त्याला हा मामला आवडलेला नव्हता. आल्या आल्या तो वैजयंताला म्हणाला, "मॅडम, सरकारी हॉस्पिटलात खोटं लिहून ऑपरेशनची सही केली तुम्ही. उद्या काही कमीजास्त झालं असतं तर? यावर केस होऊ शकते, कल्पना आहे का? संस्थेलाही प्रश्न विचारतील." तो ते मराठीत म्हणाला, पण केस हा शब्द सगळ्या भाषांत एकच असतो. पलंगावर हंसाबेनने मान वळवली.

क्षितिजाने वाकून विचारलं, "मांजी, आपकी कोई बेटी है?"

"नहीं."

"बेटा?"

"कोई नहीं." तोच भाजीच्या भावाचा आवाज. पापणीही हलली नाही.

"तो ये सही करनेवाली कौन है? ये मैडम?" हवालदाराने वैजयंताकडे बोट केलं.

आता हंसाबेनने म्हणायचं होतं की ही केंद्राची मॅडम, घाईत चुकून झालं. ठरलं होतं तसं. वैजयंता त्या वाक्याची वाट बघत उभी होती. हंसाबेनने तिच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, परक्या बाईला बघतात तसं.

"मैं नहीं पहचानती," ती म्हणाली. "मैं अस्पताल में अकेली आयी. किसने क्या सही किया, मेरे को क्या मालूम. मेरे को होश नहीं था."

"केंद्राच्या मॅडम आहेत ना या?" क्षितिजा गोंधळली.

"होगी. मैंने इनको कभी देखा नहीं."

हवालदाराने कपाळ चोळलं. एवढ्याशा गोष्टीवर एवढी पक्की साक्ष त्याला नको होती, पण मिळाल्यावर तो सुटल्यासारखा झाला. म्हातारीच काही म्हणत नाही तर केस कुणाची आणि कशाची? त्याने दोन ओळी खरडल्या, अंगठा घेतला आणि चहाला निघून गेला. क्षितिजाने आश्रमाला फोन लावला.

वैजयंता पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ही बाई मुलाचं नाव अशीच गिळून बसली होती. तिने ज्यांना आपलं मानलं त्यांना ती असंच नाकारत आली होती, म्हणजे त्यांच्या अंगावर काही येऊ नये. आता त्या माणसांत वैजयंताही जाऊन बसली होती. तिला वाकून म्हातारीचे पाय धरावेसे वाटले. पण वॉर्डात नर्स होती, क्षितिजा होती, हवालदार केव्हाही परत आला असता, आणि अनोळखी बाईने पाय धरले तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. ती हलली नाही.

बाहेर पॅसेजमधे क्षितिजा संकोचून म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं. त्यांनी ओळखत नाही म्हटलंय आणि तसं लिहिलं गेलंय. आश्रमात भेटायला फक्त नोंद असलेलीच माणसं सोडतात. तुम्हाला जाता नाही येणार आता."

"चालेल," वैजयंता म्हणाली.

दुपारी अँब्युलन्स आली. हंसाबेनला स्ट्रेचरवरून खाली आणलं तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. पदराच्या गाठीखाली फरसाणाचा पुडा होता. वैजयंता खांबाच्या मागे उभी राहिली. गाडी फाटकाबाहेर पडली, वळली आणि दिसेनाशी झाली. स्वप्नालीने विचारलं, "ताई, केंद्रावर जायचं ना?" वैजयंता म्हणाली, "तू जा. मी आज घरी जाते." इतक्या वर्षांत असं ती प्रथमच म्हणाली असेल.

गोडदेवचा जिना ती मधे दोनदा बसून चढली. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं तर खोली ओळखू येईना. पलंग भिंतीपासून ओढून न्हाणीच्या दाराशी आणला होता. गादीवर नवं मेणकापड अंथरलेलं, त्यावर धुतलेली चादर. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि दुकानातून आणलेला नवाकोरा बेडपॅन. नानासाहेब खाली जमिनीवर कमरेचा पट्टा आवळून बसले होते. चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता. पलंग त्यांनी एकट्याने ओढला होता.

"कधी आणायची आहे?" त्यांनी विचारलं.

वैजयंता दारातच उभी राहिली. "तुम्ही तर नाही म्हटला होतात."

"म्हटलो होतो. दोन रात्री झोपली नाहीस तू. म्हटलं, असंही झोपत नाहीस, तसंही झोपणार नाहीस. मग आण."

ती पुढं झाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. मेणकापड चरचरलं. "गेली ती," ती म्हणाली. "आश्रमात. मला ओळखत नाही म्हणून सांगितलं तिने."

नानासाहेबांनी हात लांब करून बेडपॅन उचलला आणि पुन्हा पिशवीत घालायला लागले. "दुकानदार परत घेणार नाही," ते म्हणाले.

"राहू द्या," वैजयंता म्हणाली. "आपल्याला लागेल." आणि ती तिथंच, त्या मेणकापडावर, चप्पल न काढता आडवी झाली.